मध्यंतरानंतरची बाजू

माणसाच्या आयुष्याचं सगळं सार कबड्डीच्या एका नियमात आलेलं आहे. एका दमात परक्याच्या अंगणात जायचं, जमेल त्याला शिवायचं, आणि दम तुटण्याआधी आपल्या अंगणात परत यायचं. परत आलात तर मिळवलेलं तुमचं. नाही आलात तर किती जणांना शिवलंत याची कोणी नोंद ठेवत नाही.

हे मी नऊ हिवाळ्यांपूर्वी कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये उभं राहून, आवाज थोडा खाली नेऊन बोललो होतो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी डोळे पुसले. त्यांना सर्दी होती हे नंतर कळलं. माझ्या भाषणाचा विषय होता 'कबड्डीचे मूलभूत नियम', आणि समोर सतरंजीवर सोळा मुलं बसली होती, ज्यांना आयुष्याचं सार नको होतं, खेळायचं होतं. नियमांची पुस्तिका माझ्या हातात होती. मी ती मध्यंतरापर्यंतच वाचली होती.

यंदाही डिसेंबर लागला आणि मला एका जागी बसवेना. गार्डन रीचला नदीच्या जवळ आमचं सरकारी क्वार्टर आहे. सकाळी धुक्यात जहाजं दिसत नाहीत, नुसते भोंगे ऐकू येतात, आणि कुठलं जहाज येतंय नि कुठलं जातंय ते आवाजावरून कळत नाही. ट्रंकेतून बाहेर काढलेल्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. खाली मैदानात बॅडमिंटनची जाळी लागते. लोकांना या दिवसांत नव्या गुळाची संदेश मिठाई आठवते, भूक लागते, सहलीला जावंसं वाटतं. मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरतो.

"अहो, आता कुठली यादी लागायचीय तुमची? बसा की," असं माझी बायको वसुधा म्हणते.

यादी म्हणजे बदल्यांची यादी. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. खात्याचं नाव सांगून कोणाच्या ज्ञानात भर पडणार नाही. दुसऱ्या खात्यांनी पाठवलेल्या कागदांवर आम्ही शेरे मारतो, मग ती खाती आमच्या शेऱ्यांवर शेरे मारतात. विनंती बदलीचे अर्ज डिसेंबरात घेतात, यादी फेब्रुवारीत लागते, आणि मधले दोन महिने माणूस इथेही नसतो आणि तिथेही नसतो. पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होणार, तेव्हा मला आता कोणी कुठे पाठवणार नाही. पायांना हे अजून कोणी कळवलेलं नाही.

बदलीच्या नोकरीतली घरं खोक्यांवरून ओळखावीत. टीव्ही आणला की तो लावून बघण्याआधी त्याचं खोकं जपून ठेवायचं, आतल्या थर्मोकोलसकट. मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं, सगळी माळ्यावर. पुढच्या बदलीला लागतील. आमच्या टीव्हीचं खोकं टीव्हीपेक्षा चांगल्या स्थितीत होतं. पुस्तकं आम्ही चहाच्या लाकडी खोक्यांत आडवी मांडली होती, कारण कपाट घेणं म्हणजे इथेच राहायचं ठरवणं. पडदे खिडकीपेक्षा एक वीत आखूड होते. मागच्या गावातल्या खिडकीच्या मापाचे होते, आणि पुढच्या गावातली खिडकी कशी असेल कोणाला माहीत. त्या भाषणाच्या हिवाळ्यापर्यंत हे सगळं नऊ वर्षं चाललं होतं.

जायचं होतं सांगलीला. तिथे माझं कोण आहे असं कोणी विचारलं असतं तर मी अडचणीत आलो असतो. एक फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. त्यात एक दंतवैद्य भाडेकरू म्हणून राहत होते. माझ्या बाल्कनीत त्यांनी शेवंतीच्या कुंड्या लावल्या होत्या आणि मला दर महिन्याला शेवंतीचे फोटो यायचे. ते फोटो बघून मला वाटायचं की परत जायला हवं. परक्या अंगणात आलोय, दम धरून ठेवलाय, आता मागे फिरायला हवं. कोलकात्यात मी नऊ वर्षं असा दम धरून होतो, आणि दम धरलेल्या माणसाला आजूबाजूचं फारसं दिसत नाही.

रेवती, आमची मुलगी, पाच वर्षांची असताना इथे आली आणि त्या भाषणाच्या हिवाळ्यात चौदा वर्षांची होती. ती भांडायची बंगालीत, अभ्यास करायची इंग्रजीत. मराठी तिच्यासाठी पाहुण्यांसमोर घालायच्या ड्रेससारखी होती. स्वच्छ, पण खांद्यात थोडी घट्ट. "बाबा, माझी गुडघा लागली" असं म्हणत ती घरात यायची आणि गुडघ्याकडे बघितल्यावर बाकी सगळं कळायचं. शाळेच्या एका कबड्डीच्या सामन्यात तिला बजबजला मुलींचा संघ चालवणाऱ्या शेफालीदीने पाहिलं आणि त्या दिवसापासून आमचे रविवार आणि तिचे गुरुवार गेले.

गार्डन रीचहून ऑटोने ब्रेस ब्रिज स्टेशन, तिथून बजबजची गाडी. सकाळच्या उलट्या दिशेच्या गाडीत बसायला जागा मिळायची. रेवतीला जागा नको असायची, ती दारापाशी उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची. मैदान तागाच्या गिरणीच्या मागे होतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला लांबवर तेलाच्या टाक्या, आणि सगळ्यावर तागाचा ओलसर, तेलकट वास. जमीन मातीचीच. पहाटे पाणी शिंपून, खडे वेचून, चुन्याच्या रेषा मारलेल्या असायच्या. टीव्हीवरच्या कबड्डीत रंगीत मॅट असते, दिवे फिरतात, खेळाडू धुरातून प्रवेश करतात. इथे खेळाडू सायकलवरून प्रवेश करायच्या, आणि धूर गिरणीचा असायचा.

शेफालीदी पन्नाशीची, बुटकी. सलवार-कमीजवर नवऱ्याचा तपकिरी स्वेटर, गळ्यात शिट्टी. ती बंगालीत बोलायची. त्याचं मराठी मी करतोय, तेवढं नऊ वर्षांत जमलं होतं.

"एई बोर्गी! पाय कुठे आहेत तुझे? हात पुढे करून काय भिक्षा मागतेस?"

बोर्गी म्हणजे रेवती. शेकडो वर्षांपूर्वी मराठा घोडेस्वार बंगालात लुटालूट करून गेले, त्यांना इथे बोर्गी म्हणतात, आणि आयांनी मुलांना भीती घालायला ते नाव जपून ठेवलेलं आहे. चढाई करणारी मराठी मुलगी हाती लागल्यावर त्या पोरींना टोपणनाव शोधायला पाच सेकंदसुद्धा लागले नव्हते. शेफालीदीला राग नसला की ती 'रेबोती' म्हणायची.

नियम मी तिथे बांधावर बसून शिकलो. पुस्तिका नंतर घेतली, आणि ती वाचताना सारखं वाटत राहिलं की हे कोणीतरी ऐकून लिहिलंय. पुस्तिका म्हणते, चढाई करणाऱ्याने 'कबड्डी' हा उच्चार स्पष्ट आणि अखंड केला पाहिजे. बांधावर बसलं की कळतं, तो उच्चार सुरुवातीला शब्द असतो, दहा सेकंदांनी नुसता आवाज होतो, आणि वीस सेकंदांनी पोरीच्या तोंडातून जे येतं ते तिचं तिलाही ओळखू येत नाही. तीस सेकंदांत परत यायचं. मध्यरेषा ओलांडून आत गेलं की समोर सात जणी, हातात हात घालून साखळी केलेली. निदान रेषा म्हणून एक रेषा असते. ती ओलांडल्याशिवाय परत आलात तर बाद. म्हणजे काठावर उभं राहून, थोडं गुणगुणून, सुखरूप परत येण्याची सोय या खेळात नाही. तिच्या पलीकडे बोनस रेषा. दोन्ही कडांना एक-एक मीटरची पट्टी असते, तिथे झटापट सुरू होईपर्यंत पाय टाकायचा नाही. झटापट सुरू झाली की तीही मैदानच. कोणी बाद झाली की मैदानाबाहेर रांगेत बसायचं, आणि आपल्या संघाने समोरची एक बाद केली की रांगेतली पहिली आत. रांग मोडता येत नाही. हा नियम वाचून मला आमच्या खात्याबद्दल थोडं वाईट वाटलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी शेफालीदी बांधावर माझ्या शेजारी येऊन बसली. मैदानावरची नजर तिने काढली नाही.

"दादा, तुमची बदली होणार म्हणे?"

"अर्ज दिलाय."

"जिल्ह्याच्या शिबिरात बारा मुली घेतात. दोन वर्षांचं काम असतं. माझ्या यादीत रेबोती बारावी आहे." तिने शिट्टी फुंकली, कोणाला तरी हात हलवून मागे सरकवलं. "ती उन्हाळ्यात निघून जाणार असेल तर मी आताच पिंकीला घेते. पिंकीचा बाप गिरणीत आहे. तो कुठे जात नाही."

"यादी फेब्रुवारीत लागते."

"नावं सरस्वती पूजेच्या आधी जातात."

"मग मी आता काय सांगू?"

"ते मला काय विचारता? मी शिट्टीवाली." आणि ती उठली. "एई पिंकी! घोटा धर, घोटा! फ्रॉक कशाला धरतेस?"

पिंकी म्हणजे उजव्या कोपऱ्यात उभी राहणारी काळीसावळी, रुंद खांद्यांची मुलगी. तिने एकदा घोटा धरला की तो परत मिळत नसे. रेवती तिला सगळ्यात जास्त घाबरायची आणि सगळा वेळ तिच्याशीच बोलायची. बारावी जागा दोघींत आहे हे दोघींना माहीत होतं. परतीच्या गाडीत मी रेवतीला विचारलं, पिंकी काय म्हणते?

"म्हणते, तू गेलीस तर तुझे शूज मला दे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, साइज लहान आहे."

मंडळातलं माझं भाषण त्याच आठवड्यातलं. अध्यक्षांना संक्रांतीच्या कार्यक्रमात कबड्डीचं प्रात्यक्षिक हवं होतं. मराठी मातीतला खेळ, परभूमीत मराठी बाणा, वगैरे. आमचे अध्यक्ष इथेच जन्मले, इथेच वाढले, सगळा व्यवसाय इथेच केला, आणि महाराष्ट्राच्या मातीबद्दल त्यांच्याइतकं भरून कोणालाच येत नाही. प्रास्ताविकात त्यांनी बागबाजारच्या मराठा खंदकाचा उल्लेख केला. मराठे येणार म्हणून या शहराने घाबरून खंदक खणला, हे ते दर कार्यक्रमात सांगतात. मराठे आलेच नाहीत आणि पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता केला, हे ते सांगत नाहीत. मग मी उठलो आणि आयुष्याचं सार सांगितलं.

प्रात्यक्षिक मागच्या अंगणात. रेवतीने खडूने रेषा आखल्या, मुलांचे दोन गट पाडले. मी पुस्तिका धरून उभा. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने हात वर केला.

"काका, हाफ-टाइमच्या नंतर पण आपलं घर हेच?"

"अर्थातच," मी म्हणालो.

"नाही बाबा," रेवती खडू झटकत म्हणाली. "साइड बदलतात."

मी पान उलटलं. खरंच होतं. मध्यंतर पाच मिनिटांचं, त्यानंतर संघ बाजू बदलतात. इतका वेळ जिथून निघत होतो तिथेच आता चढाई करायची, आणि जिथे पाय टाकायला भीती वाटत होती तिथे दम टिकवून परत यायचं.

अध्यक्षांच्या भुवया जवळ आल्या. "म्हणजे आपली बाजू कुठली, हे खेळाडूला कळायचं कसं?"

"रेफ्री सांगतो, काका," रेवती म्हणाली.

मुलं हसली. पुस्तिकेत आणखी एक ओळ होती, ती मी मोठ्याने वाचली नाही: मध्यंतराला जे बाद असतील ते बादच राहतात. बाजू बदलली म्हणून कोणी नव्याने आत येत नाही.

त्यानंतरचे दिवस मला वासांनी आठवतात. हिवाळ्यात नदीला गंजलेल्या लोखंडाचा वास येतो. ऑफिसात जुन्या कागदांवर नवी खळ. घरात फ्लॉवर, रोज फ्लॉवर, आणि रेवतीच्या गुडघ्याला लावायचं मलम. मी चालत राहायचो. ऑफिसातून एक थांबा आधी उतरायचो आणि घरापर्यंत चालायचो, घरी आलो की गच्चीवर जायचो, गच्चीवरून खाली. आस्थापना शाखेसमोरून जाताना काचेतून पालबाबूंच्या टेबलाकडे बघायचो. पालबाबू म्हणजे तिथले कारकून. बदल्यांच्या फायली त्यांच्याकडे, आणि त्या फायलींवर ते टिफिन ठेवायचे. माझा अर्ज त्यातल्या एखाद्या फायलीत आहे, कुणाच्या तरी डब्याखाली गरम होतोय, असं वाटून मला बरं वाटायचं आणि लगेच बरं वाटेनासं व्हायचं.

एका संध्याकाळी जेवताना रेवतीने विचारलं, "बाबा, सांगलीत कबड्डी आहे ना?"

"आहे म्हणजे? तिथे गल्लीगल्लीत आहे. तिथल्या मुली बघशील तर..."

"म्हणून विचारलं." ती पोळीचा तुकडा ताटात फिरवत होती. "तिथे माझ्यासारख्या किती असतील?"

मी आमटी वाढून घेतली. खोटं सांगायला तयारी लागते.

"इथे मी बोर्गी आहे," ती म्हणाली. "तिथे मी कोण?"

ती उठून गेल्यावर वसुधाने आमटीचं पातेलं झाकलं. "तुम्हाला सांगलीला जायचंय, की इथून निघायचंय?"

"म्हणजे काय? सांगलीलाच."

"मग तिथे जाऊन काय करणार ते सांगा."

"राहीन."

"इथे काय करताय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते शेवंतीचे फोटो होते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बजबजला सामना होता. समोरच्या काठावरून, बावरियाहून, फेरीबोटीने एक संघ आला होता. सरस्वती पूजेला पाच दिवस उरले होते. रेवती राहणार नाही, असं शेफालीदीला सांगायचं ठरवून मी निघालो होतो. वाक्य तयार होतं, बंगालीतून पाठ केलेलं. सामना झाल्यावर सांगू, आधी कशाला, असं म्हणून मी आमच्या अंगणाच्या मागे, नदीच्या बाजूला, एका उलट्या बादलीवर बसलो.

पहिल्या सत्रात रेवती दोन चढायांत दोन गुण घेऊन आली आणि तिसरीत अडकली. बाहेर जाऊन बसली. थोड्या वेळाने पिंकीने बावरियाच्या एका उंच मुलीचा घोटा धरला, बाकीच्या तिच्यावर पडल्या, ती मुलगी बाद, आणि त्या बदल्यात रेवती पुन्हा आत. आत येताना तिने पिंकीच्या पाठीवर थाप मारली. जिच्यामुळे आपली जागा जाऊ शकते तिनेच आपल्याला आत आणलं, याचं त्या दोघींना काहीच वाटलेलं दिसलं नाही. बादलीवर बसून मी एकटाच त्याचा विचार करत होतो.

मध्यंतर झालं. मुलींनी पाण्याच्या बाटल्या उचलल्या, चपला उचलल्या, एकीने केसांची क्लिप शोधली, आणि सगळ्या पलीकडच्या अंगणात चालत गेल्या. बावरियाच्या इकडे आल्या. कोणी मागे वळून पाहिलं नाही. मी बादलीवरच बसून राहिलो. बावरियाच्या संघाबरोबर आलेली एक बाई माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने, म्हणाली, "दादा, तुम्ही आमच्यातले का?"

मी बादली उचलली आणि मैदानाला वळसा घालून पलीकडे गेलो. वीस-पंचवीस पावलं असतील. सगळं मैदान आपल्याकडे बघतंय असं वाटलं. कोणीही बघत नव्हतं.

शेवटच्या मिनिटात आमचा संघ एका गुणाने मागे होता आणि चढाई रेवतीची होती. ती आत गेली, तोंडाने अखंड कबड्डी कबड्डी, निदान रेषेच्या पलीकडे, डावीकडच्या मुलीच्या दंडाला हात लागला, वळली, आणि दोघींनी तिचे पाय धरले. ती पडली. पडल्यावरही उच्चार चालूच. दोघींना ओढत ती पुढे सरकली, हात लांब केला. अर्ध्या तासापूर्वी ज्या मातीत शिरायला ती धडपडत होती, तिकडेच पोचायला आता तिची बोटं जमीन उकरत होती. दम तुटला तेव्हा तिची बोटं चुन्याच्या रेषेवर होती. पंच वाकले, त्यांनी मातीतले चार ओरखडे नीट पाहिले. रेषेला हात लावून चालत नाही, पलीकडे लागावा लागतो. बाद. सामना गेला.

रेवती उठली, थुंकली, तोंड पुसलं. पिंकी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. मग शेफालीदी माझ्यापाशी आली, आणि मी म्हणालो, "रेवती राहील."

का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाठ केलेलं वाक्य दुसरं होतं.

"राहील?" शेफालीदीने वहीत काहीतरी खुणा केल्या. "मग गुरुवारी वेळेवर पाठवा. ती गुरुवारी नेहमी उशिरा येते."

पिंकी त्या वर्षी बाहेर राहिली. पुढच्या वर्षी आली आणि मग कितीतरी वर्षं हलली नाही. पण त्या वर्षी बाहेर राहिली, हे मी विसरलेलो नाही.

सोमवारी मी विनंती बदलीचा अर्ज मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'सखोल चिंतनाअंती' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. दुसऱ्यात ते काढून 'कौटुंबिक कर्तव्य' घातलं. तिसरा मसुदा दोन ओळींचा झाला आणि तो मी आवक टेबलावर देऊन पोच घेतली, शिक्क्यासह. बाहेर नदीवर भोंगा वाजला. मला वाटलं, हा माणसाच्या आयुष्यातला क्षण असावा.

घरी सांगितलं तेव्हा रेवतीने माझ्या हातातली पोच घेऊन शिक्का तपासला. मग म्हणाली, "बाबा, तू खरंच?" आणि मग, "मग ते टीव्हीचं खोकं टाकू या? त्यात पाल आहे."

वसुधाने रद्दीवाल्याला बोलावलं. थर्मोकोल तो नेत नव्हता, त्यावरून घासाघीस झाली. महिन्याभरात एक कपाट आलं. पडदे खिडकीच्या मापाचे झाले.

मंडळाच्या वार्षिक समारंभात अध्यक्षांनी माझा सत्कार केला. कन्येच्या खेळासाठी मायभूमीची ओढ बाजूला सारणारा पिता, असं ते म्हणाले. त्याग हा शब्द चार वेळा आला. मी चेहरा जमेल तितका साधा ठेवला. शाल मिळाली, नारळ मिळाला. शाल वसुधा इस्त्री करताना खाली अंथरते.

रेवती दोन वर्षं जिल्ह्याकडून खेळली. एकदा बंगालच्या संघात निवडली गेली आणि सबंध स्पर्धा राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसून काढली; तिथल्या जेवणाबद्दल ती अजून चांगलं बोलते. मग गुडघा गेला. गुडघ्यामुळे ती फिजिओथेरपीकडे वळली, आणि या हिवाळ्यात तिला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारी जागा, तिला हवी तशी. उत्तर डिसेंबरअखेर द्यायचं होतं. ती देईना. पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं होतं, आणि घरात आता दोन माणसं खिडकी ते दार चालत होती.

"मी नाही म्हणतेय," एकदा ती म्हणाली. आता तिची मराठी माझ्याहून फारशी वाईट नाही. "तू माझ्यासाठी राहिलास. सगळं सोडून राहिलास. आता तुम्ही दोघं म्हातारे होताना मी उठून जाऊ?"

"आम्ही इतक्यात म्हातारे होत नाही," वसुधा म्हणाली.

"तो झालाय. बघ ना, नुसता फिरतो."

त्या त्यागावर मी नऊ वर्षं बऱ्यापैकी जगलो होतो. भांडणात तो मी कधी काढला नाही, कारण काढायची गरजच पडली नाही. तो कपाटासारखा घरात उभा होता. पण ती त्याच्या आड थांबून राहील असं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात निवृत्तीची कागदपत्रं तपासायला आस्थापना शाखेत गेलो. पालबाबू अजून तिथेच आहेत, टिफिन मात्र आता वेगळ्या टेबलावर ठेवतात. माझी फाइल उलटत असताना ते माझ्या त्या दोन ओळींच्या पत्रापाशी थांबले. पत्रावर हिरव्या शाईत शेरा होता: या अधिकाऱ्याचा कोणताही अर्ज प्रलंबित नाही. दप्तरी दाखल.

"पण त्या डिसेंबरात मी अर्ज दिला होता," मी म्हणालो.

पालबाबूंनी आणखी चार पानं उलटली. अर्ज तिथेच होता, त्याला एक चिठ्ठी टाचलेली: अपूर्ण, परत करावा. तारीख मी दिल्यानंतर दोन दिवसांची. परत करायचा राहिला होता एवढंच.

"साहेब, तुम्ही नसलेला अर्ज मागे घेतलात," ते शांतपणे म्हणाले. "होतं असं. तुमच्या आधी एकांनी नसलेल्या बढतीला नकार दिला होता."

मी अर्जाची झेरॉक्स मागितली. त्या संध्याकाळी ती रेवतीपुढे ठेवली, चिठ्ठीसकट. ती उभ्याउभ्या वाचायला लागली, मग खुर्ची ओढून बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे तू कुठे जाणारच नव्हतास?"

"नाही."

"पूर्ण हिवाळाभर? मी गच्चीवर जाऊन रडले होते. शेफालीदी, पिंकी, सगळं... आणि तू यादीत नव्हतासच?"

"नव्हतो."

"आणि ती शाल?"

"शाल खरी आहे," वसुधा स्वयंपाकघरातून म्हणाली.

रेवती हसायला लागली. आधी नाकातून, मग आवाज करून, मग डोळे पुसत. बराच वेळ हसली. मग उठून तिने फ्रिजवरचं पत्र काढलं, फोन उघडला, आणि पुण्याला येते म्हणून कळवून टाकलं. माझ्यासमोर, दोन मिनिटांत. पाठवून झाल्यावर ती पुन्हा झेरॉक्सकडे वळली.

"पण बाबा, परत का करणार होते? सगळं तर भरलंय."

अर्ज दोन पानांचा होता. दुसऱ्या पानावर माझी सही नव्हती.